एमए झालेली मुलगी पेशंट कधी बघणार?

जून-जुलैत मला एक फोन हमखास येतो. पलीकडे कुणाची तरी आई असते, नाहीतर बाबा. "मॅडम, आमच्या मुलीचं सायकॉलॉजीत एमए झालं. आता ती पेशंट बघू शकते ना?" प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर द्यायला मला अर्धा तास लागतो. यंदा कल्याणहून एका आईचा फोन आला तेव्हा ठरवलं, हे एकदा नीट लिहूनच काढू. प्रश्न त्या मुलीच्या नोकरीचा आहेच, पण तिच्यासारख्या कुणाची तरी वाट बघत ओपीडीच्या बाकावर बसलेल्या माणसांचाही आहे.

आधी कोण काय करतं ते बघू. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हे मुळात एमबीबीएस डॉक्टर. मग ते या विषयात एमडीसारखं पुढचं शिक्षण घेतात. औषधं तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. मानसिक चाचण्या करणं आणि बोलण्यातून होणारे उपचार, म्हणजे थेरपी, हे त्यांचं काम. सायकिॲट्रिक सोशल वर्कर पेशंटच्या घरापर्यंत पोचतात. घरच्यांना आजार समजावतात, सुटलेली नोकरी परत मिळेल का ते बघतात, दाखले-योजनांची कामं मार्गी लावतात. आणि मग समुपदेशक किंवा काउन्सेलर. शाळेत, कॉलेजात, कंपनीत, संस्थेत आपल्याला सगळ्यात जास्त भेटतात ते हेच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, आम्ही जिला आरसीआय म्हणतो तिची, मान्यता असलेलं शिक्षण लागतं. आजवरचा राजरस्ता असा: बीए तीन वर्षं, एमए दोन वर्षं, मग दवाखान्यात पूर्णवेळ राहून एमफिल दोन वर्षं. बारावीनंतर सात वर्षं. त्यानंतर नोंदवहीत नाव आणि नंबर. अडचण वर्षांपेक्षा जागांची जास्त आहे. एमफिलच्या जागा शिकवणाऱ्यांच्या संख्येवर ठरतात आणि शिकवणारेच थोडे आहेत. एमए करणारी मुलं भरपूर, पुढचा दरवाजा अरुंद.

त्यात आता रस्ताच बदलतोय. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२२ च्या नियमांत एमफिल ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत सवलत दिली. दरम्यान आरसीआयने नवे अभ्यासक्रम आणले. त्यांतला एक बारावीनंतर थेट क्लिनिकल सायकॉलॉजीत चार वर्षांची ऑनर्स पदवी देणारा आहे. २०२५ मध्ये यूजीसीने मानसशास्त्राचे ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे अभ्यासक्रमही थांबवले. नोकरी करत, घर सांभाळत घरबसल्या एमए करणाऱ्या कितीतरी बायकांना तो निर्णय लागला. मला तो मूळ विचाराने पटतो, कारण माणसासमोर बसायचं शिक्षण माणसासमोर बसूनच होतं. पण त्या बायकांसाठी दुसरी सोय आधी करायला हवी होती, असंही वाटतं.

आणि काउन्सेलर? २०२१ मध्ये आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, सोशल वर्कर, मानसिक आरोग्याचे सहायक या सगळ्यांचा त्यात समावेश आहे. पण अभ्यासक्रम, परिषदा, नोंदणी ही त्याची घडी बसायला वेळ लागतोय. तोवर शनिवार-रविवारचा कोर्स करून कुणीही दाराबाहेर काउन्सेलर अशी पाटी लावतं आणि एमए झालेली मुलगी मात्र 'मी पात्र आहे का?' असं विचारत घरी बसते.

गरज किती आहे? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. त्यांपैकी उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के होतं. देशात एक लाख लोकांमागे सायकिॲट्रिस्ट आहेत सुमारे ०.७५. निदान तीन तरी हवेत, असं मानलं जातं. मागणी कमी होण्याचं तर चिन्हच नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. एकट्या मुंबईत किती शाळा, कॉलेजं आणि क्लासेस आहेत ते मोजून बघा. एवढी तयार माणसं आणायची कुठून?

म्हणून मग सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो: लवकर. मुलांना लवकर तयार करा. या शब्दाची मला भीती वाटते आणि त्यावर माझा विश्वासही आहे. भीती अशासाठी, की लवकर म्हटलं की अभ्यासक्रमाला कात्री लावली जाते. दोन वर्षांचं एक वर्ष, एका वर्षाचे सहा वीकेंड. विश्वास अशासाठी, की वर्षं न कापताही खूप लवकर करता येतं. आत्ता पेशंट सगळ्यात शेवटी येतो. आधी सिद्धांत, मग संशोधन, मग परीक्षा, आणि अखेरच्या सत्रात घाईघाईने केलेली इंटर्नशिप. पेशंटला पहिल्या सत्रात आणा. एवढंच करायचं आहे.

हे सांगायला आपल्याला दूर जायची गरज नाही. मुंबईतले सोशल वर्कचे विद्यार्थी हे कित्येक दशकं करतायत. टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, १९३६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक उघडलं. निर्मला निकेतनचं सोशल वर्कचं कॉलेज १९५५ चं. या परंपरेत पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं. कुणी गोवंडीच्या वस्तीत, कुणी रुग्णालयाच्या वॉर्डात, कुणी बालगृहात. केलेलं प्रत्येक काम लिहून काढायचं, त्याला रेकॉर्डिंग म्हणतात. मग आठवड्याला सुपरवायझरसोबत समोरासमोर बसायचं, ती आयसी, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. "माझी आज आयसी आहे," असं म्हणताना पोरांच्या पोटात गोळा येतो, कारण तिथे एकेक वाक्य उलगडून बघितलं जातं. मानसशास्त्राच्या एमएला ही शिस्त बहुतेक ठिकाणी इतकी लवकर आणि इतकी नेमाने लाभत नाही.

ती का लाभायला हवी, ते माझ्या अनुभवावरून सांगते. एमएच्या दुसऱ्या वर्षाला मी एका रुग्णालयाच्या ओपीडीत जायचे. परीक्षांमध्ये माझे मार्क उत्तम होते. पहिल्याच आठवड्यात साठीच्या एक मावशी समोर आल्या. झोप नाही, अंग दुखतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी डिप्रेशनची प्रश्नावली काढली. पीएचक्यू-९ म्हणतात तिला. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. पहिला प्रश्न मी जसाच्या तसा वाचला, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला कामांमध्ये रस किंवा आनंद कमी वाटला का?"

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "कामं काय, करावीच लागतात ना, मॅडम."

मी शून्यावर खूण केली.

कोपऱ्यात केसपेपर लावत बसलेल्या सिस्टर हे ऐकत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही, नुसतं विचारलं, "मावशी, घरी करमतं का हो?"

मावशींचे डोळेच भरून आले. "नाही करमत. टीव्ही लावलेला असतो, पण बघते कोण? नातू मांडीवर येऊन बसतो, तरी जीव लागत नाही. पाप वाटतं मला त्याचं."

माझ्या प्रश्नावर शून्य गुण आणि सिस्टरच्या एका वाक्यात सगळा आजार. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून एक वही केली. त्यात पेशंटचे शब्द लिहायचे. जीव घाबरा होतो. छातीत धडधडतं. काळजात धस्स होतं. हातपाय गळून जातात. डोक्याला मुंग्या येतात. जिवाची नुसती घालमेल. अन्न गोड लागत नाही. कुणी जवळ आलेलं नको वाटतं. बाहेरचं काहीतरी आहे म्हणतात, दाखवून आणलं, पण फरक नाही. हे शब्द पाठ्यपुस्तकात नाहीत, कारण आपली पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि विद्यार्थी परीक्षाही बहुधा इंग्रजीतच देतात. ॲन्हिडोनिया, म्हणजे कशातच आनंद न वाटणं, या विषयावर ते दहा गुणांचं उत्तर लिहितात, पण 'करमत नाही' कानावर पडलं तर पेन उचलत नाहीत.

मुंबईत तर एकाच बाकावर मालवणी, उत्तरेकडची हिंदी, गुजराती आणि विदर्भातलं बोलणं शेजारी शेजारी बसलेलं असतं. हा कान तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ शिकतानाच मोजला पाहिजे. नोकरीला लागल्यावर पहिली दोन वर्षं पेशंटवर शिकणं, हे पेशंटच्या खर्चाने शिकणं आहे.

पुढचा भाग असा, की नवशिक्या मुलाने सगळं येईपर्यंत थांबायची गरज नसते. त्याला एकच गोष्ट नीट शिकवा, आणि तेवढीच करू द्या. याचा चांगला पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यातल्या संगत संस्थेने, मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. मानसिक आरोग्याचं आधीचं कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम नावाची एकच पद्धत शिकवली. सहा ते आठ भेटींची. पेशंट तीव्र डिप्रेशनचे. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले: तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांमध्ये ३९ टक्के.

ही पद्धत आहे तरी काय? समजा, विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एक काकू आहेत. मुलगा-सून बदलापूरला राहायला गेले. काकूंचं मन उडालं. आधी गुरुवारचं भजन सुटलं, मग खाली उतरणं सुटलं, मग दुपारभर पडून राहणं सुरू झालं. जितकं पडून राहावं तितकं वाईट वाटतं आणि जितकं वाईट वाटतं तितकं पडून राहावंसं वाटतं. हा फेरा आहे. मूड सुधारला की हालचाल होईल म्हणून थांबलं तर तो तुटत नाही. तो हालचालीच्या बाजूने तोडायचा.

शिकाऊ मुलगी काकूंना "बाहेर पडा, योगा करा" असं सांगत नाही. शेजारीपाजारी ते रोज सांगतातच. ती काकूंसोबत बसून मागच्या आठवड्याचा एकेक दिवस कागदावर मांडते. मंगळवारी दुपारी काय केलंत? पडून होते. बुधवारी? शेजारची मेथीच्या जुड्या घेऊन आली होती, दोघींनी निवडली. तेव्हा कसं वाटलं? काकू जरा थांबतात. "तेवढा वेळ बरा गेला."

मग ठरतं, की सोमवारी आणि गुरुवारी चार वाजता भाजी घेऊन शेजारी जायचं.

"भाजी निवडून कुठे आजार बरा होतो का, ताई?"

"एकदम नाही होणार, काकू. आठवडाभर करून बघू. नाही जमलं तर आपण दुसरं काही शोधू."

पुढच्या भेटीत ती आधी हेच विचारते, आणि जमलं नसेल तर का जमलं नाही ते शोधते. रागवत नाही. वाचताना सोपं वाटतं. पण सल्ला जिभेवर आलेला असताना गिळून टाकणं, हे माझ्या हुशार विद्यार्थ्यांनाही महिनोन्‌महिने जमत नाही.

ते जमलंय की नाही, हे ठरवायचं कसं? तास मोजून नाही ठरवता येत. शंभर तास वाईट काम करूनही शंभर तास भरतात. नेपाळमध्ये काम करताना तयार झालेली एनॅक्ट नावाची पंधरा मुद्द्यांची एक मोजपट्टी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या इक्विप या उपक्रमात ती वापरतात. विद्यार्थ्याने पेशंट झालेल्या व्यक्तीशी दहा-पंधरा मिनिटं बोलायचं आणि बघणाऱ्याने गुण द्यायचे. लक्ष देऊन ऐकलं का? गोपनीयता समजावली का? जिवाच्या धोक्याबद्दल विचारलं का? सगळ्यात खालची पायरी 'नुकसान करणारं वागणं' अशी आहे, आणि मला या पट्टीतलं तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. "अहो, लोक याहून वाईट दिवस काढतात," हे वाक्य त्या पायरीवर बसतं. आपण सगळे ते प्रेमाने म्हणतो. शिकाऊ मुलीला मात्र ते म्हणायची मुभा नाही, आणि हे तिला पेशंटसमोर बसायच्या आधी कळायला हवं.

यासाठी सुपरवायझर लागतात, आणि खरा तुटवडा तिथे आहे. साधा हिशेब करू. माझ्याकडे सहा विद्यार्थी असतील तर दर आठवड्याला प्रत्येकाला एक तास, शिवाय सगळ्यांचा मिळून दोन तासांचा गट. झाले आठ तास, म्हणजे माझा एक पूर्ण दिवस. त्या दिवसात मी स्वतः पेशंट बघितले तर पाच-सहा होतील. तेच सहा विद्यार्थी आठवड्याला पाच-पाच जणांना भेटले तर तीस जणांपर्यंत मदत पोचते. त्यांच्या भेटी माझ्याइतक्या सफाईच्या नसतील, पण त्यामागे माझे आठ तास उभे असतात. हा दिवस बहुतेक ठिकाणी कामात धरलाच जात नाही. प्राध्यापकांनी तो लेक्चर संपल्यावर आणि ओपीडीवाल्यांनी जेवणाच्या सुट्टीत काढायचा, अशी अपेक्षा असते. विद्यार्थ्यांच्या जागा वाढवण्याआधी सुपरवायझरच्या तासांना पैसे द्या, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

पैशांचं निघालंच आहे तर विद्यार्थ्यांचंही बोलू. एमबीबीएसच्या मुलांना इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळतं. मानसशास्त्राच्या मुलांना सहसा काही मिळत नाही, उलट काही ठिकाणी इंटर्नशिपसाठी त्यांच्याकडूनच फी घेतली जाते. विरारहून परळला आठवड्यातून तीन दिवस यायचं, डबा आणि पास स्वतःचा, आणि वर फी. हे कोण करू शकतं? ज्यांच्या घरी सोय आहे तेच. आणि ज्या वस्त्यांमधल्या पोरांना 'करमत नाही' हा शब्द जन्मापासून माहीत आहे, ती इथेच गळतात.

इंग्लंडने २००८ पासून वेगळी वाट धरली. तिथे पदवीधर मुलांना आधी नोकरीवर घेतात आणि पगार देऊन साधारण वर्षभर शिकवतात. आठवड्यातला जवळपास एक दिवस विद्यापीठात, बाकीचे दवाखान्यात. सौम्य ते मध्यम डिप्रेशन आणि चिंता, एवढंच त्यांचं क्षेत्र. प्रत्येक भेटीला प्रश्नावली भरून घेतात, म्हणजे पेशंट सुधारतोय की नाही ते आकड्यांत दिसतं. यातून हजारो माणसं तयार झाली. पण तिथली दुखरी बाजूही सांगायला हवी: पेशंटची रांग इतकी, की ही तरुण मुलं थकतात आणि थोड्याच वर्षांत दुसरीकडे निघून जातात. लवकर आणलेलं माणूस टिकवायचं असेल तर त्याला किती पेशंट द्यायचे यावर बंधन हवं. आपल्या ओपीडीत तर हे पहिल्या दिवसापासून लागेल.

काही कामं शिकाऊ मुलांकडे द्यायचीच नाहीत. कुणी नसताना कानात बोलण्याचे आवाज येणारे, झोपेविना चार-चार दिवस उत्साहात असणारे, दारू अचानक सोडून हातपाय थरथरणारे पेशंट थेट डॉक्टरकडे जायला हवेत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कायद्याने कळवावंच लागतं; ती जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर सोडायची नाही.

आणि त्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न. मरून जावं, स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का? मुलं या प्रश्नाला घाबरतात. आठ प्रश्न नीट विचारतात आणि नववा पुटपुटतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं, याने माणसाला हायसं वाटतं. आमचा नियम असा: नववा प्रश्न डोळ्यांत बघून विचारायचा, आणि उत्तर 'हो' आलं तर पेशंट खोलीतून उठायच्या आधी सुपरवायझरला बोलवायचं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर नाही. घरी जाताना पेशंटच्या हातात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर द्यायचा. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणखी एक नियम मी पहिल्या दिवशी सांगते. लोकलच्या डब्यात केसबद्दल बोलायचं नाही. नाव न घेताही नाही. घाटकोपरला चढलेल्या बाईला विक्रोळीची काकू ओळखू येऊ शकते.

कल्याणच्या त्या आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तुमची मुलगी आज एकटीने दवाखाना थाटू शकत नाही, आणि तिने थाटूही नये. पण कुणाच्या तरी देखरेखीखाली काम मात्र आजच सुरू करू शकते. कुठल्याही कोर्सची किंवा इंटर्नशिपची फी भरण्याआधी विचारा: प्रत्यक्ष पेशंट कितव्या आठवड्यात भेटणार? आठवड्याला माझ्या कामावर किती वेळ, कोण बसणार, आणि त्यांची नोंदणी काय? पेशंटच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर त्या क्षणी मी कुणाला हाक मारायची? या प्रश्नांवर समोरचा गुळमुळीत बोलू लागला तर पैसे भरू नका.

मग फोन मुलीने घेतला. आवाज हळू होता. "मॅडम, पण पुढचा प्रवेश होईपर्यंत मी काय करू? घरी बसवत नाही आता."

मी तिला मंगळवारी दुपारी दोन वाजता बोलावलं आहे. पहिला महिना ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसेल आणि फक्त ऐकेल. येताना एक कोरी वही आणायला सांगितली आहे.